अ‍ॅम्बॅसिडरच्या काचेचं रबर शोधत सटाण्यापर्यंत

शुक्रवारी सकाळी साडेसहाला आम्ही नाशिक सोडलं. गाडीत मी, माझे सासरे अण्णा आणि वहीच्या कागदात गुंडाळलेला बोटभर रबराचा तुकडा. लोक गोव्याला जाताना जेवढे खूश असतात, तेवढी मी हा तुकडा घेऊन निघताना होते.

अण्णांची पांढरी अ‍ॅम्बॅसिडर आमच्या लग्नाच्या कितीतरी आधीची. गेल्या पावसाळ्यात पुढच्या काचेभोवतीचं रबर तडकलं, पाणी आत येऊन पायाखाली साचू लागलं आणि पत्रा कुजायला लागला. ऑनलाइन मागवलेलं रबर तुकड्याशी जुळेना म्हणून दोनदा परत पाठवलं. शेवटी माझ्या नवऱ्याने, नितीनने, जुन्या गाड्या जमवणारं पुण्याचं गिऱ्हाईक पाहिलं. ते येत्या रविवारी गाडी न्यायला येणार होतं. अण्णा म्हणाले, "तोपर्यंत रबर मिळालं तर गाडी राहील. नाही मिळालं तर मीच चावी देईन." हे त्यांनी जेवता जेवता सांगितलं आणि पुढचा घास काही घेतला नाही. मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली.

तुमच्याकडेही जुनी गाडी असेल तर एक लक्षात ठेवा: या धंद्यात फोटो चालत नाही. दुकानदार आधी म्हणतो, "तुकडा आणलाय?" मग तो तुकड्याची कापलेली बाजू आपल्याकडच्या रबराच्या तोंडाला लावून पाहतो. नाशिकच्या दुकानांमधून असं पाहून झालं होतं. आमचा तुकडा अण्णांनी स्वतः कापून दिला होता.

पहिला थांबा ओझर. झणझणीत मिसळ, नव्वद रुपये, पाव हवे तेवढे. तिथले साळवे काका विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेत आणि आता घरामागच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांचं रबर विकतात. त्यांनी मला अर्धा तास शिकवलं. रबर दुमडायचं, घडीवर बारीक भेगा दिसल्या तर सोडून द्यायचं. नख दाबायचं, खूण लगेच भरून आली पाहिजे. दोन खाचा असतात, एक काचेची, एक पत्र्याची. काचेची खाच सैल असेल तर पाणी आत येतं, फार घट्ट असेल तर बसवतानाच काच तडकते. मी तर वही काढून लिहून घेतलं.

आमचा तुकडा मात्र त्यांनी तीनदा फिरवून पाहिला. "खाच लय रुंद हाय. एवढी जाड काच या गाडीला नसते. पण तुकडा सांगतो तेच धरायचं, दुसरं काय?" मग त्यांनी सटाण्याच्या देवऱ्यांचं नाव सांगितलं. अण्णा तेव्हापासून गप्पच होते. मला वाटलं, रविवारच्या विचाराने.

पिंपळगावचा टोल, मग सोग्रस फाट्यावरून डावीकडे. भावडबारी घाटात इंजिन तापलं, बॉनेट उघडून वीस मिनिटं थांबलो. एप्रिलचं ऊन होतं, तरी मला मजा येत होती. कांद्याचे ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून जात होते आणि प्रत्येक ड्रायव्हर गाडीकडे वळून बघत होता. नव्वदेक किलोमीटरला आम्हाला साडेचार तास लागले, थांबे धरून. सटाण्यात शेवभाजी आणि बाजरीची भाकरी खाल्ली. दीडशे रुपयांत दोघांचं पोट भरलं.

देवरे भाऊंच्या अंगणात तीन जुन्या गाड्या उभ्या होत्या, त्यात एक आमच्यासारखीच. त्यांनी रबराचं वेटोळं आणलं. मऊ, काळंभोर, दुमडून पाहिलं तर एकही भेग नाही. मी अधीरपणे तुकडा लावला. जुळला नाही. वेटोळ्याची खाच तुकड्याच्या निम्मीच होती. मला रडूच यायला लागलं.

देवरे भाऊ आमच्या गाडीपाशी गेले. काचेच्या वरच्या कडेला अंगठा दाबला, मग खालच्या कोपऱ्यात.

"ताई, हाऊ तुकडा या गाडीना नही शे."

"असं कसं? अण्णांनी याच गाडीचा कापलाय."

अण्णा रुमालाने चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसतच होते. मग म्हणाले, "खालच्या कोपऱ्यातला कापला. तिथलं एकदा वाटेत निघून आलं होतं, तेव्हा पिंपळगावला टेम्पोचं रबर मिळालं ते बसवलं होतं मी. मूळ रबराला ब्लेड लावायचं म्हटलं आणि हात धजला नाही गं."

म्हणजे महिनाभर आम्ही दुकानोदुकानी टेम्पोचं रबर शोधत होतो. ऑनलाइनवाले दोन्ही वेळा बरोबरच पाठवत होते. मला राग आला, खूप आला. पण त्यांच्या तोंडाकडे बघून तो टिकेना.

देवरे भाऊंनी वेटोळं गाडीच्या वरच्या कडेला लावून दाखवलं. चपखल जुळलं. अठराशे रुपये घेतले आणि बजावलं, "जुनं रबर आकसेल शे. त्याना मापवर कापू नका, दोन बोटं जास्त ठेवा."

शनिवारी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी काच उतरवली. नव्या रबराच्या खाचेत सुतळी भरली, साबणाचं पाणी लावलं, बाहेरून नितीनला काच दाबून धरायला लावलं आणि आतून सुतळी हळूहळू ओढली. सुतळी निघेल तशी रबराची कड पत्र्यावर चढत गेली. काच तडकली नाही.

मग अण्णा आत बसले, दारं लावून घेतली आणि मी पाइपने पाणी सोडलं. दहा मिनिटं. काचेवरच्या पाण्यातून ते मला नीट दिसत नव्हते, फक्त त्यांचा तळहात काचेखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरताना दिसत होता, पुन्हा पुन्हा. पाणी बंद केलं तरी ते उतरेनात.

या सहलीतून मला रबर पारखता यायला लागलं, हा फायदाच. पण लक्षात राहतो तो अण्णांचा न धजलेला हात. बोटभर रबर वाचवताना त्यांनी गाडीच घालवली असती, आणि तरी त्यांना दोष द्यावासा वाटत नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी खिडकीची काच खाली केली.

"नितीन, पुण्याला फोन लाव."

"काय सांगू?"

"गाडी द्यायची नाही म्हणावं. आणि त्यांच्या गाडीचं रबर गेलं असेल, तर सटाण्याचा पत्ता देतो म्हणावं."

नितीनने फोन काढला.