आत्याबाईंचं कुर्र

नाशकात बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं तोंडही न बघता परत येणारी एकच बाई होऊन गेली, आणि देवाच्या दयेनं ती माझ्या नवऱ्याची आत्या होती. आत्याबाई राहायच्या पंचवटीत, पण नात्यात कुठेही पाळणा हलला की त्यांना वास लागायचा. लोक झबली-टोपडी घेऊन यायचे. आत्याबाई पदराखालून तिखट चिवड्याची पुडी काढून बाळंतिणीच्या उशीखाली सरकवायच्या. शेपूची भाजी आणि अळिवाची खीर खाऊन जिभेची चव गेलेली ती पोर पुडी बघूनच रडायची. कुणी हौसेनं बाळ पुढे केलं की आत्याबाई मान वळवायच्या. "त्याला बघायला अख्खी पंचवटी येतेय. हिला कोण बघतं?"

दुसरी खोड रिक्षाची. बाळंतीण सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की काय कोण जाणे. कानाला फडकं बांधलेल्या सुनांना त्या खुशाल रिक्षात घालून न्यायच्या आणि रिक्षावाल्यानं कुठे जायचं विचारलं की सांगायच्या, कुठेच नाही, नुसता फिरव. एकदा द्वारकेच्या चौकात रिक्षा अडकली. माझ्या चुलतजावेनं दोन टेम्पोवाल्यांचं भांडण पोटभर ऐकलं आणि घरी येऊन बाळंतपणानंतर पहिल्यांदाच गाढ झोपली. झालं, तेव्हापासून आत्याबाई द्वारकेला औषध मानायला लागल्या. जावेची सासू मात्र त्या गल्लीत दिसल्या की दाराला आतून कडी घालायची.

हे ऐकून मी खूप हसायचे, माझं बाळंतपण होईपर्यंत. मला आई नव्हती, म्हणून शहाण्णव साली ते सासरीच झालं. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत, घरदार खूष, आणि मला तिच्याकडे बघून काहीसुद्धा वाटेना. कुणाचं तरी मूल सांभाळायला घेतल्यासारखी मी तिला पाजायचे. झोप पार उडाली होती. सासूबाई काही वाईट नव्हत्या हो. त्यांनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, आणि तरी डोळे वाहायचे थांबेनात तेव्हा म्हणाल्या की सोन्यासारखं लेकरू असताना रडणं बरं नव्हे. मग मी न्हाणीघरात रडायला लागले. कुणाला सांगितलं तर मूल काढून घेतील अशी भीती वाटायची, आणि घेतलं तर सुटेन असंही वाटायचं. या दुसऱ्या विचारानं माझे हातपाय गार पडायचे.

मला नणंद नाही, त्यामुळे बारशाला आत्याचा मान आत्याबाईंकडे आला. आत्यानं वाकून बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, अशी साधी रीत. बायका हात उगारून तयारच होत्या. आत्याबाई वाकल्या, आणि पाळणा सोडून थेट माझ्या कानाशी आल्या.

"कुर्र. मंगल."

मंगल हे माझं माहेरचं नाव. लग्नात ते बदललं होतं आणि बाळंतपणापासून तर मी नुसती 'बाळाची आई' होते. उगारलेले हात तसेच वर राहिले. सासूबाई ओशाळून म्हणाल्या, "अहो वन्सं, तिच्या नाही, बाळाच्या कानात." आत्याबाई हलल्या नाहीत. आता स्वतःचा कान त्यांनी माझ्या तोंडाशी आणून ठेवला होता.

मी त्या कानात पुटपुटले, "आत्याबाई, ही मला माझी वाटतच नाही."

"मला माझा थोरला कितीतरी महिने शेजाऱ्यांचा वाटायचा," त्या म्हणाल्या. "बोललीस ना, आता बघू आपण."

मग पाळण्यात वाकून त्यांनी नाव उरकलं आणि धपाटे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी त्या भाच्यासमोर येऊन बसल्या. पोरीला ताप आला तर डॉक्टरकडे पळशील ना, मग हिलाही ने, म्हणाल्या. मनाचा डॉक्टर म्हटल्यावर घरात 'लोक काय म्हणतील' सुरू झालं. त्यावर त्यांनी तोड काढली: आत्याला वेड लागलंय, तिला दाखवायला नेतोय, असं सांगा. आणि खरोखर दर खेपेला त्या रिक्षात माझ्या शेजारी बसल्या आणि ओळखीचं कुणी दिसलं की डोळे फिरवून जीभ बाहेर काढू लागल्या. नवरा लाजून दुसऱ्या बाजूला बघायचा. मी हसायला शिकले ती तिथे.

गोळ्यांनी झोप यायला लागली. बाकीचं हळूहळू आलं. एकदा द्वारकेला ट्रकचा हॉर्न वाजला, माझ्या मांडीवरची पोर दचकली आणि मी काही विचार न करता तिला छातीशी आवळून ट्रकवाल्याला शिवी हासडली. आत्याबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. मग चष्मा पुसून म्हणाल्या, "हं. आता दाखव बघू तुझी लेक."

पुढे माझी मुलगी कॉलेजात जाण्याच्या सुमाराला त्यांना काही आठवेनासं झालं. आई, आजी, आत्याबाई, कुठल्याच हाकेला ओ देत नव्हत्या. मी सासूबाईंना वन्संचं माहेरचं नाव विचारलं. त्यांना आठवायला बराच वेळ लागला. चिवड्याची पुडी घेऊन मी पंचवटीत गेले, पलंगाशी वाकले आणि त्यांच्या कानात कुर्र करून ते नाव सांगितलं. त्यांनी डोळे उघडले. मग हात कसाबसा उचलून त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. अगदी हलका होता. मला मात्र तिथेच रडू फुटलं, आणि या खेपेला मी न्हाणीघर शोधलं नाही.