कानबाई जिनाच्या शाळेत थांबली

दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. त्या दिवशी घरात विळीला हात लावायचा नाही, म्हणून आदल्या दुपारीच गिलकी चिरून ठेवायला बसले होते. अर्धी पाटी झाली असेल, तोच मागच्या दारी बेबाबाई येऊन उभी राहिली. ही बाई पुढच्या दाराने कधी आली नाही. शाळेची शिपाई आणि मी हेडमास्तरांची बायको, एवढा मान ती जपायची. पण एकदा आत आली की माझ्याच माठातलं पाणी मलाच विचारायची, "शिळं शे का?"

त्या दिवशी मात्र पाणी मागितलं नाही. उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "मास्तरीनबाई, यावलना काका गया. सुतक लागनं. कानबाई पुढला ऐतवारले गई."

मी बोटांवर मोजलं. सन शहाऐंशीचा श्रावण. पुढचा रविवार सतरा ऑगस्टचा. रविवारी कानबाई बसणार, सोमवारी अठराला नदीवर जाणार. आणि अठरालाच जळगावहून शिक्षण खात्याचे साहेब शाळा तपासायला येणार होते.

"अठराला?" मी विचारलं.

"अठरालेच," ती म्हणाली. मी विळी मिटवून ठेवली.

ज्यांच्याकडे कानबाई नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरच्या भावकीत ही देवी बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून सजवतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी भावकीतली एक सून देवी डोक्यावर घेऊन नदीवर निघते. मागे सगळं गाव. भावकीत सुतक आलं तर आमच्या गावात देवी आठ दिवस पुढे जाते. आमचं तापीकाठचं गाव म्हणजे जवळजवळ सगळी एकच भावकी. म्हणून ह्यांनी साहेबांना मुद्दाम आठवडाभर उशिराची तारीख कळवली होती, की कानबाई उरकलेली असेल आणि पोरं वर्गात असतील. आता देवी बरोबर त्याच तारखेवर येऊन बसली. ह्यांनी जळगावला कार्ड टाकलं, पण साहेब दौऱ्यावर होते. उत्तर आलंच नाही.

शाळा तेव्हा जिनात भरायची. गावात कापसातून सरकी काढायचं जुनं जिन होतं, ते बंद पडलं आणि एकोणऐंशी साली त्याच्या गोदामात सरकारी माध्यमिक शाळेचा आठवीचा वर्ग उघडला. बेबाबाई त्या जिनात झाडायला होती. मालक गेले, यंत्रं गेली, बेबाबाई खराटा घेऊन तिथेच राहिली. गावात म्हणायचे, शाळेला गोदाम मिळालं आणि बेबाबाई आंदण मिळाली. पहिली दोन वर्षं तुळयांवरून कापसाचा भुगा पडायचा, कविता म्हणता म्हणता वर्ग शिंकायचा. तिने शिडी लावून एक एक तुळई पुसली. पुढे नववी आली. आज शाळेला पक्की इमारत आहे, प्रयोगशाळा आहे, चौऱ्याण्णव साली वरचा मजलाही झाला. पण मी सांगते ते सारं गोदामातलं.

बेबाबाईला अक्षर येत नव्हतं. सकाळी शाळा भरताना ती रांजणापाशी उभी राहायची आणि प्रत्येक पोराच्या ओंजळीत स्वतः पाणी घालायची. कोण आलं नाही ते तिला हजेरीच्या आधी कळायचं. हे वर्गात जाऊन नावं वाचायच्या आतच ती दारातून सांगायची, अमका निंबाच्या शेतात आहे, तमकीला धाकटा भाऊ सांभाळायचाय. मग स्वतःच जाऊन घेऊन यायची. केळीच्या बागेतून पोरगा पुढे आणि ही मागे, असं चित्र आम्ही कितीदा पाहिलं.

नियम असा होता की नववीच्या पटावर पंचवीसच्या वर मुलं हवीत आणि तपासणीच्या दिवशी समोर हजरही तितकी हवीत, तरच दहावी मिळेल. पटावर एकतीस होती. त्यात अकरा मुली. त्या अकरांत बेबाबाईची कमल.

कमलचं सगळं त्या दहावीवर अडलं होतं. बेबाबाईचा नवरा पुना स्वभावाने गरीब, त्याच्या घरातला शब्द त्याच्या थोरल्या भावाचा, झुलाल आबांचा. आबांनी पुनाला सांगून टाकलं होतं, "दहावी गावमा उनी तर शिकू दे. नही उनी तर आखाजीले कमलनं उरकी टाकू. एसटीमा बसाडीन तालुकाले पोर धाडानी नही." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि धरणगावचं स्थळ आलेलंही होतं. आणि बेबाबाईला आबांशी बोलायची सोय नव्हती. इकडे सून जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, पदर पुढे ओढते आणि तोंड उघडत नाही. काही सांगायचं झालं तर लेकराला मध्ये घालते. "कमल, आबाले सांग, चहा थंडा व्हई राह्यना." आबा दोन हातांवर बसलेले असले तरी असंच.

हे स्वतः आबांकडे गेले होते. पोरं तेवढी सकाळची दोन तास द्या म्हणाले. आबांनी सुपारी कातरली आणि उत्तर दिलं, "हेडसर, त्या दिन पोरं देवीन्या. तुमना साहेबले सांगा, मंगळवारे या."

सोमवार उजाडला. माझा श्रावणी सोमवारचा उपास. महादेवाला बेल वाहताना मी काय मागितलं ते वहीत लिहून ठेवलंय, इथे लिहीत नाही. नऊच्या एसटीने साहेब उतरले. घोरपडे नाव, साताऱ्याकडचे, उंच, हातात चामडी पिशवी. मी चहाची किटली घेऊन जिनाच्या फाटकापाशी उभी होते. गोदामात सतरंज्या अंथरलेल्या, फळा स्वच्छ, तारीख लिहिलेली आणि माणूस एक नाही.

साहेबांनी एकदा आत पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे. "हेडमास्तर, शाळा कुठाय?"

ह्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "नदीवर निघालीय, साहेब."

"सगळी?"

"शिपाईसुद्धा."

साहेब खुर्चीवर बसले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांनी लिहायला सुरुवात केली असती तर सगळं संपलंच होतं. पण ते आधी चहा प्यायले. तेवढ्यात डफाचा आवाज आला.

आबांच्या घराकडून येणारा रस्ता जिनापुढे तीसेक पावलांवर फुटतो. डावीकडे नदी, उजवीकडे शाळा. फाटकातून सगळं दिसत होतं. पुढे डफवाले, मागे बायका फुगड्या घालत, आणि मधोमध बेबाबाई. आबांच्या बायकोचे गुडघे धरले होते, म्हणून त्या वर्षी देवी बेबाबाईच्या डोक्यावर होती. पाट, तांब्या, नारळ, दागिने, खण, सगळं मिळून बारा-चौदा किलो तरी असेल. आमच्या गावची रीत अशी, की एकदा देवी डोक्यावर चढली की नदीपर्यंत खाली ठेवायची नाही. वाटेत चौकात थांबायचं, पण उभ्यानेच. आणि जिच्या डोक्यावर देवी, तिच्या त्या दिवशी सगळे पाया पडतात. जेठसुद्धा. सकाळी झुलाल आबा पागोटं काढून तिच्या पायांवर वाकले होते.

डफवाले डावीकडे वळले. बेबाबाई उजवीकडे वळली.

डफ थांबले. मागून आबा पुढे आले. "वाट चुकनी," ते म्हणाले. कोणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाले, कारण तिच्याशी थेट बोलायची त्यांनाही सवय नव्हती.

"चुकनी नही, आबा," बेबाबाई म्हणाली. मध्ये कोणी लेकरू नाही, काही नाही. फुगडी घालणाऱ्या बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. "देवीले शाळामा थांबानं शे."

"देवीनी वाट ठरेल शे."

"वाट देवीनी, पाय मना," ती म्हणाली आणि चालू लागली. आता देवी पुढे गेल्यावर मागे कोण उभं राहणार? डफवाले धावत तिच्या पुढे आले आणि सगळं गाव जिनाच्या फाटकातून आत शिरलं.

साहेब उठून उभे राहिले. आवारात पोरंच पोरं. तोंडाला गुलाल, कपाळाला कुंकू. हे हजेरीपत्रक घेऊन पुढे झाले, पण साहेबांनी हात वर केला. "थांबा. यात नववीची कोण आणि गावची कोण, हे मला कसं कळायचं? कोणीही हजर म्हणेल. गुलालात सगळी सारखीच दिसतात."

उत्तर बेबाबाईकडे होतं. ती ओट्याजवळ येऊन उभी राहिली, दोन्ही हात पाटाला धरलेले. "साहेब, तुम्ही नाव वाचा. मी पोर दाखाडस."

साहेबांनी हजेरीपत्रक स्वतःच्या हातात घेतलं आणि मधूनच कुठूनतरी सुरुवात केली. "भिकन सुका."

"तो, डफ धरेल शे तो. गणितमा कच्चा. पण रोज येस."

भिकनने डफ पाठीमागे लपवला. "हजर."

"तानुबाई दगडू."

"ती, हिरवी ओढणी. तिले काल ताप व्हता, आज बरी शे."

असं चाललं. नाव वाचलं की ती मान न हलवता नुसते डोळे फिरवायची आणि पोर सापडायचं. पंधराव्या-सोळाव्या नावाला तिच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. मी पाणी घेऊन गेले, तिने डोळ्यांनीच नको म्हटलं.

"वना पंडित."

चार-पाच पोरं एकदम ओरडली, "हजर!" आपल्या शाळेसाठी एवढं करावंसं कोणाला वाटणार नाही? ह्यांनी कपाळाला हात लावला.

"वना नही, साहेब," बेबाबाई म्हणाली. "तो मामाकडे अमळनेरले गयेल शे. त्याले गैरहजर लिखा. आन ह्या वरडणाऱ्यास्ना कान मी उद्या धरस."

साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं दहावी त्या क्षणीच मिळाली. पुढची नावं ते भरभर वाचत गेले. पुनाच्या मुलीचं नाव आलं तेव्हा मात्र बेबाबाईने काही खूण सांगितली नाही. म्हणाली, "ही मनी."

"हजर," कमल म्हणाली.

अठ्ठावीस हजर, तीन गैरहजर. साहेबांनी आकडा लिहिला आणि विचारलं, "बाई, हे सगळं तुम्ही पाठ केलंय का? वाचता येतं?"

"वाचता येत नही. रोज सकाळे पाणी पाजस त्यासले."

साहेब पायातले बूट काढून ओट्यावरून उतरले आणि देवीला हात जोडले. जवळ आबा होते. "ही कुठली देवी म्हणायची?" असं साहेबांनी विचारायचा अवकाश, आबांना वाचा फुटली. कानबाई कोण, राणबाई कोण, नैवेद्याचा रोट किती मुठींचा, सगळं. सांगता सांगता आबांची छाती अशी फुगली, की जणू देवीला इथे आणायची युक्ती त्यांचीच असावी.

मग पंचाईत झाली ती जेवणाची. ह्यांनी पत्रात लिहिलं होतं, जेवणाची सोय गावात आहे. गावात पुरणपोळ्यांचे ढीग होते, गंगाफळाची भाजी होती, खीर होती. पण तो सगळा रोट. रोट भावकीबाहेरच्या माणसाला वाढत नाहीत. आणि भावकीबाहेरचं घर एक आमचंच, तिथे उपास. आबा घसा खाकरत राहिले. एवढा मोठा पाहुणा आणि तीनशे घरांत त्याला घालायला घास नाही.

"मला सोमवार आहे," साहेब म्हणाले. "दोन केळी असली तर द्या."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गावाच्या चारी बाजूंना केळीच्या बागा, पण आमच्याकडची केळी हिरवीच ट्रकात चढतात. पिकलेली परमुलखातले लोक खातात. त्या वेळी गावात पिकलं केळं शोधणं म्हणजे मोठंच काम.

"ओटीमा दोन शेतस," बेबाबाईचा आवाज आला.

"देवीन्या?" आबा म्हणाले. "तो रोट..."

"रोट नही, आबा. परसाद शे. परसाद कोणले बी चालस."

आबांनी स्वतः हात वर करून देवीच्या ओटीतली दोन केळी काढली आणि साहेबांच्या हातात दिली. मगच बेबाबाई वळली. डफ वाजले आणि देवी नदीवर गेली. दुसऱ्या दिवशी बेबाबाईची मान वाकडी होती. मी तेल कोमट करून चोळलं, तर म्हणते कशी, "जरा हळू, ती काय जिननी तुळई नही."

आदेश यायला मात्र महिने लागले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. धरणगावचे लोक दोनदा निरोप पाठवून गेले. चैत्र संपत आला तसे आबा रोज पोस्टात डोकावायला लागले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आखाजी तीन दिवसांवर आली आणि लिफाफा आला. हे तडक आबांच्या ओट्यावर गेले. मीही मागोमाग गेले. पुना खांबाला टेकून उभा होता, दाराआड पदर ओढून बेबाबाई, तिच्यापुढे कमल.

ह्यांनी वाचलं. जूनपासून दहावीचा वर्ग सुरू करण्यास परवानगी. खाली एक अट. मुलींसाठी स्वतंत्र मुतारी पंधरा जूनच्या आत बांधलेली असावी, अन्यथा परवानगी रद्द समजावी.

आबा म्हणाले, "म्हणजे आजून पक्कं नही."

दाराआडून आवाज आला, "कमल, आबाले सांग, मुतारी पंधरा दिनमा व्हई जाई. विटा जिनन्या मांगे पडेल शेतस."

"आन बांधी कोण?"

"कमल, आबाले सांग, पंडित गवंडी."

आबांनी सुपारी तोंडात टाकली. मग पुनाकडे पाहून म्हणाले, "धरणगाववालासले मी कळावस. म्हणावं, दुसरी पोर पहा." आणि दाराकडे न बघता पुढे बोलले, "पंडितले आजच गाठा म्हणावं. आखाजी व्हयनी की तो नाशिकले जास, मग दिवाळीलोंग हाती लागाव नही."

कमलने ते आईला सांगायची गरज नव्हती. बेबाबाईने चपला घातल्या, मागच्या दाराने बाहेर पडली आणि पंडित गवंड्याला बोलवायला खालच्या आळीकडे निघाली.