हाताची घडी घालून शिकवलेला नाच

मुलांच्या पुस्तकात नाचाच्या कविता छापायच्या आणि वर्गात मुलांना हाताची घडी घालून बसवायचं, हा प्रकार मला पहिल्यापासून खटकायचा. जळगावात सुधारणेची पत्रकं लिहून लिहून माझी जीभ तिखट झाली होती. शिंदखेड्याजवळच्या एका गावात मुलींचा वर्ग चालवायला गेले, तरी ती गप्प बसेना.

कविता अशी होती :

ढोल म्हणे धम् धम् धम् धम्,
पाय म्हणे थांबू कसा?

मुली हे सुतकात असल्यासारख्या घोकत. पाय खरंच काय म्हणतात, ते मला बघायचं होतं. "नाचून दाखवा पाहू," मी म्हटलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. उठली ती एकच, गावातल्या लग्नांत डफ वाजवणाऱ्याची लेक. परकर खोचून तिनं अशी गिरकी घेतली की मी पुस्तक बाजूलाच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप दारात. आत येईना.

"बाई, मनी पोर नाचनी का?"

"नाचली. फार सुरेख नाचली."

"मंग आतेपाईन ती शाळामा येवाव नही."

एका नाचापायी शाळाच बंद! माझं डोकंच फिरलं. बुरसटलेले, अडाणी, पत्रकांतले सगळे शब्द ओठांवर आले. "नाचण्यात पाप काय आहे, भाऊ?"

"पाप नही. काम शे ते आमनं. मी वाजाडस, मनी बहीण नाचे. लोके पैसा फेकेत नि वर हसेत. नाच तं ती घरमा बी शिकी. इठे मी तिले बसाले धाडेल शे."

ओठांवरचे ते शब्द मी गिळले. भांडण राहिलं बाजूला, मी विचारलं, "मग तिनं वर्गात काय करावं?"

"तिनी वाचानं," तो म्हणाला. "नाचू द्या ना पाटीलनी पोरले. शनवारले मी देखाले येसू. मंग ठराऊत."

शनिवारी तो लेकीला घेऊन आला. मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं, पुस्तक तिच्या हाती दिलं आणि बाकीच्यांना नाचायला सांगितलं. पाटलाची मुलगी फणकारली, "आम्ही नाचानं नि हाई वाची?"

"हो. का, तुला पाय नाहीत?"

मुली फिदीफिदी हसल्या. ती रागानं उठली, रागानंच पाय आपटू लागली. मग दुसऱ्या उठल्या, आणि फेर धरता धरता राग कुठं गेला तिलाच कळलं नाही. खुर्चीवरची अडखळत, पण मोठ्यानं वाचत होती. पाटलांनी जाब विचारला तर काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं : पुस्तक सरकारचं आहे, सरकारला विचारा.

बाप उंबऱ्याबाहेर उभा होता. लेक एका शब्दावर अडली तसा तो वाकून बघू लागला. मग हळूच मला म्हणाला, "बाई, हाई कविता कितली मोठी शे?"

"दोन पानं."

त्यानं पाटलाच्या नाचणाऱ्या मुलीकडं पाहिलं. "चालू द्या मंग," तो म्हणाला. "सोमवारले धाडस मी तिले."