मापबाईंची मूठ

बाजारात त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मापबाई म्हटलं की पुरे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्यांची सव्वीस वर्षं झाली होती. "मापबाई वळल्या" एवढा निरोप एका दुकानातून दुसऱ्यात पोचला की तराजू पुसले जात, वजनं उंचीनुसार रांगेत उभी राहत आणि एरवी गिऱ्हाइकाकडे ढुंकून न बघणारे दुकानदार एकदम सोज्वळ दिसू लागत. बाई कुणाच्या दुकानात चहा घेत नसत, पंख्याखाली बसत नसत आणि सबबी ऐकत नसत. त्यांच्या नाकावर बसायची माशीची टाप नव्हती. बसली असती तर बाईंनी आधी तिचं वजन केलं असतं.

लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं. त्यात शिसं भरून वजन नेमकं करतात आणि त्या शिशावर सरकारी शिक्का मारतात. ज्याला लबाडी करायची असते तो हे शिसं थोडं कोरून काढतो. वरून वजन अगदी साव दिसतं. म्हणून प्रत्येक वजन स्वतःच्या हातांनी उचलून, उलटं करून बघायचं, हा बाईंचा नियम. बरोबरचा जोडीदार निरीक्षक अकरा वर्षं त्यांच्यासोबत फिरत होता, पण वजन उलटं करायचा मान त्याला एकदाही मिळाला नव्हता.

अशा बाईंना बावन्नाव्या वर्षी सांध्यांनी गाठलं. सकाळी उठलं की बोटं सुजलेली, ताठ. तासभर गरम पाण्यात बुडवल्यावर ती माणसात येत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण बाईंची मूठ मुळात झाकतच नव्हती. सल्ल्यांना मात्र ऊत आला. शेजारणीने तांब्याचं कडं दिलं, जावेने लसणाचा लेप सांगितला आणि नवऱ्याच्या एका मित्राने हातावर मधमाश्या चावून घ्यायला सुचवलं. हा मित्र स्वतः मुंगी चावली तरी दोन दिवस रजा टाकणारा. या गमतीत चार महिने घालवून बाई अखेर सांध्यांच्या डॉक्टरणीकडे पोचल्या.

डॉक्टरीण वयाने त्यांच्या मुलीएवढी असेल, पण मोजमापाची पक्की होती. त्यामुळे बाईंना ती तिथल्या तिथे पटली.

"म्हातारपणी सांधे झिजतात तो हा आजार नव्हे," ती म्हणाली. "तुमच्या शरीराची राखण करणारी फौजच चुकून तुमच्या सांध्यांवर उठलीय. वेळेवर थोपवली नाही तर बोटं कायमची वाकडी होतात. हा रोग मुळासकट जाईल असं मी म्हणणार नाही. पण झोपवता येतो. त्याला रेमिशन म्हणतात. झोपवायचा आणि झोपलेलाच ठेवायचा, एवढं आपलं काम."

"झोपलाय हे कळणार कसं?"

"मोजून."

या एका शब्दावर बाई खूश झाल्या. डॉक्टरणीने खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे आणि बोटांची पेरं मिळून अठ्ठावीस सांधे एकेक करून दाबले आणि किती दुखतात, किती सुजलेत ते लिहिलं. मग रक्त तपासलं. शेवटी एक कागद पुढे केला. त्यावर एक आडवी रेघ होती, एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला दहा. आजाराचा एकूण त्रास किती वाटतो, तिथे पेशंटने स्वतः खूण करायची.

"ही खूण मी करायची? आणि तुम्ही ती खरी धरणार?" बाईंनी विचारलं. दुकानदारालाच स्वतःचा तराजू तपासायला सांगितल्यासारखं त्यांना वाटलं.

"तुमच्या हाताचं तुमच्याइतकं कुणाला कळणार?" डॉक्टरीण म्हणाली.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या, रोजच्या वेगळ्या. सहा महिन्यांत दुखरे सांधे सतरावरून सहावर आले. सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. तेवढ्यात ऑफिसात नवे साहेब आले.

साहेबांना कागद आवडत. ज्याला ज्याला आजार आहे त्याने बरं असल्याचा दाखला आणावा, नाहीतर फिरतीचं काम सोडून तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसावं, असा हुकूम निघाला. रेकॉर्ड रूममध्ये आधीच तीन कारकून बसलेले होते आणि त्यांच्याकडे पाहून ते जिवंत आहेत की दप्तरात जमा झालेत, हे नक्की सांगता येत नसे. बाजाराशिवाय आपण तिथलं चौथं दप्तर होऊ, या विचाराने बाईंची पाचावर धारण बसली.

म्हणून पुढच्या तपासणीच्या सकाळी सव्वीस वर्षं मापातलं पाप पकडणाऱ्या या बाईंनी दुखणं मारणाऱ्या दोन गोळ्या घेतल्या, हात आधी शेकले, मग बर्फात धरले आणि डॉक्टरणीसमोर बसल्या.

"इथे दुखतं?"

"छे."

"इथे?"

"नाही हो."

"इथे थोडी सूज वाटतेय."

"काल जेवणात मीठ जास्त झालं होतं."

रक्ताच्या रिपोर्टात आकडा किंचित वर होता. त्याला बाईंनी सर्दीचं कारण दिलं. रेघेवर शून्याला चिकटून खूण केली. चोराच्या मनात चांदणं असतं तसं पेन ठेवताना त्यांना उगाच वाटलं की ही आता आपला हात उलटा करून बघणार. पण डॉक्टरणीने हसून दाखला लिहून दिला.

एक खोटं निभावायला दुसरं लागतं. तीन महिन्यांनी पुन्हा तेच झालं, त्यापुढच्या तीन महिन्यांनी पुन्हा तेच. बाईंनी स्वतःची समजूतही घालून ठेवली होती. रोज सकाळी कॉफीच्या बरणीचं झाकण त्यांच्याच्याने सहज उघडत होतं. झाकण उघडतंय म्हणजे हात तसे बरे आहेत, आपण फार तर बरं होणं थोडं आधी लिहितोय, असा त्यांचा हिशेब होता.

तिसऱ्या वेळी डॉक्टरीण आनंदाने म्हणाली, "रोग छान झोपलाय. आता आठवड्याच्या गोळ्या कमी करून बघू."

बाईंचा चेहरा पडला. नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार. त्या "बरं" म्हणाल्या आणि घरी आल्या.

दीड महिन्यात मनगटं पेटली. एका सकाळी त्या धान्याच्या दुकानात गेल्या. एक किलोचं वजन उलटं केलं, दोनचं केलं, पाचचं दात ओठ खाऊन केलं. दहाच्या वजनाला हात घातला आणि मनगटातून खांद्यापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांसमोर काजवे चमकले. दुकानदार बघत होता. जोडीदार निरीक्षक पुढे आला. बाईंनी त्याला नजरेनेच मागे सारलं, वजनाला वरून थोपटलं, जणू ते शहाणं मूल आहे, आणि वहीत लिहिलं, "ठीक."

महिन्याभराने तक्रार आली. जोडीदार एकटाच तपासायला गेला आणि परत आला तो थेट बाईंच्या टेबलासमोर उभा राहिला.

"बाई, दहाच्या वजनाचं शिसं कोरलेलं आहे. दोनशे ग्रॅम कमी भरतं. जुनं काम आहे. आपण मागे गेलो होतो तेव्हाही..." तो थांबला. "वहीत सही तुमची आहे."

त्या दिवसापर्यंत बाईंना वाटत होतं की आपण फक्त स्वतःलाच फसवतोय. आता त्यांना त्या दुकानातली गिऱ्हाइकं दिसायला लागली, दहा किलोचे पैसे देऊन पिशवी घरी नेणारी. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. त्या तडक साहेबांकडे गेल्या आणि वजन उलटं न करता सही केल्याचं लिहून दिलं. साहेबांनी ठपका ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून बाई तळघरात.

डॉक्टरणीकडे मात्र त्या तारखेची वाट न बघता गेल्या. गोळी नाही, शेक नाही, बर्फ नाही. दुखरे सांधे भरले चौदा. बाईंनी सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरणीला राग आला होता आणि तिने तो लपवलाही नाही.

"तुमच्या शब्दावर मी डोस उतरवला, बाई. माझंही चुकलं, रक्ताचा आकडा बघून मी थांबायला हवं होतं. खोटं माप देणाऱ्या दुकानदाराचं तुम्ही काय करता?"

"दंड. आणि माप जप्त."

"मग पर्स उघडा. दुखणं मारायच्या जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या इथे टेबलावर ठेवा. यापुढे लागतील तेव्हा मी देईन."

बाईंनी चार पाकिटं काढून ठेवली. डॉक्टरीण बघत राहिली, तेव्हा पाचवंही निघालं.

घरी येऊन त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा, आता निवृत्त होता. लोकांच्या चुका गाजावाजा न करता दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. सगळं ऐकून तो खाकरला.

"अगं, ते झाकणाचं एक आहे."

"कुठल्या झाकणाचं?"

"कॉफीच्या बरणीचं. तू उठायच्या आधी मी ते सैल करून ठेवतो."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं असेल. साखरेचा डबाही. आणि बाथरूमचा नळ. कपाटाच्या कडीला तेल घालतो दर रविवारी."

"अहो, पण मला सांगायचं नाही?"

"तुला बरं वाटायचं ना, उघडलं की."

घरात माणसं दोनच आणि दोघांनीही माप मारलेलं. बाईंना संताप आला होता, आणि रोज पहाटे उठून चोरपावलांनी झाकणं सैल करत हिंडणाऱ्या या माणसाविषयी इतकी माया दाटून आली होती की आधी काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी त्या हसायलाच लागल्या आणि मग रडल्या. नवऱ्याने दोन्ही वेळा रुमाल पुढे केला. दुसऱ्या दिवसापासून घरातली झाकणं घट्ट राहू लागली आणि बाई हाक मारू लागल्या, "अहो, जरा हे उघडून द्या." अशी हाक मारणं त्यांना सुरुवातीला औषधापेक्षा जास्त कडू वाटलं.

गोळ्यांचा जुना डोस परत आला, जोडीला नवं औषध लागलं. दर महिन्याला मोजणी होऊ लागली. नऊ, मग पाच, मध्येच सात, मग दोन. दहाव्या महिन्यात डॉक्टरणीने अठ्ठावीस सांधे दाबून मान वर केली.

"एकही नाही."

"पुन्हा मोजा," बाई म्हणाल्या.

डॉक्टरणीने निमूटपणे पुन्हा मोजलं. एकही नाही. सूज नाही, रक्तातला आकडाही खाली. बाईंनी रेघेवर खूण केली, शून्यावर नाही, एकाच्या थोडी अलीकडे.

"हे कशासाठी?"

"उजवं मनगट. जास्त काम झालं की कधीतरी बोलतं. जे बिघडलं ते बिघडलंच. उगाच शून्य कशाला लिहू?"

"तरीही हे रेमिशनच आहे," डॉक्टरीण म्हणाली, आणि तिच्या आवाजात कौतुक होतं. "पण औषध चालू ठेवायचं. रोग झोपलाय तो औषधामुळे. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने सोडणारे लोक माझ्याकडे परत येतात, तेही लंगडत. असंच बरेच महिने टिकलं तर थोडं थोडं उतरवून बघू. तेही मला खरं माप मिळणार असेल तर."

"मिळेल," बाई म्हणाल्या.

या वेळचा दाखला घेऊन त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. साहेबांनी तो दोनदा वाचला. "रोग आहे. पूर्ण आटोक्यात आहे. औषध चालू राहील. काम करू शकतात, जड वजनांना मदतनीस द्यावा."

"हे बसत नाही," साहेब म्हणाले. "फॉर्ममध्ये चौकटी दोनच आहेत. बरी आणि आजारी. तुम्ही नक्की कोण?"

"दोन्ही नाही, साहेब."

"तुमच्या डॉक्टरला सांगा ना, नुसतं 'बरी' लिहायला. एका शब्दाचा प्रश्न आहे. लगेच बाजारात पाठवतो तुम्हाला."

खाली तळघरात दहा महिने काढलेल्या बाईंना त्या एका शब्दाचा मोह झाला नाही असं नाही. चांगलाच झाला. बाहेरून बाजाराचा गलका ऐकू येत होता.

"तो शब्द खोटा आहे," त्या म्हणाल्या. "मागे मी तसलाच दाखला आणला होता. त्याचं काय झालं ते तुमच्या फायलीत आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणि बाजारात गेल्यावर पुन्हा दुखलं तर?"

"तर त्याच वेळी सांगेन."

साहेबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ही बाई दुखतंय म्हणून सांगेल, यावर अख्ख्या ऑफिसात कुणाचा विश्वास बसला नसता. तरी त्यांनी पट्टी घेतली आणि फॉर्मवर तिसरी चौकट आखली. "एक महिना बघतो. एकदा जरी लपवलंत तर खालचं टेबल तयार आहे."

तीन आठवडे बरे गेले. चौथ्या सोमवारी बाई सुक्या मेव्याच्या मोठ्या दुकानात गेल्या. मालक जुना, बाईंच्या धाकाने केस पिकलेला. एक झालं, दोन झालं. पाचचं वजन त्यांनी उलटं केलं आणि परत ठेवलं, मग उजवं मनगट डाव्या हातात धरून क्षणभर थांबल्या. जोडीदार सवयीने दुसरीकडे बघू लागला.

"ऐक," बाई हळूच म्हणाल्या. "आज दुखतंय. बाकीची तू उलटी कर."

जोडीदाराच्या हातातून वही पडली. इतक्या वर्षांत हे वाक्य त्याच्या कानांवर आलं नव्हतं. "काय म्हणालात, बाई?"

मालक कान टवकारून पुढे सरकला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मागे उभ्या चार गिऱ्हाइकांकडे पाहिलं.

"माझा हात दुखतोय म्हटलं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तू उलटी कर, मी बघते."