भट्टी आणि हौदामधली रांगोळी

कारखान्यात करतोस काय, असं गुंडोअण्णाला कुणी विचारलं की तो म्हणायचा, "पत्रे तापवतो आणि बुडवतो." एवढ्यानं बायकोचं कुठलं समाधान व्हायला! वसुमतीच्या मते बारा वर्षं झाली, आता तरी यांनी चार्जहँड, म्हणजे मुकादम, व्हायला हवं. एकसष्टच्या दसऱ्याला ते जवळजवळ ठरलंही होतं, साहेबांची सही तेवढी बाकी होती. वसुमतीनं मात्र बसवनगुडीतल्या अख्ख्या गल्लीला सांगूनही टाकलं.

कारखाना छोटा, यशवंतपूरकडचा. विमानांसाठी ॲल्युमिनियमचे पत्रे तयार करायचा. ॲल्युमिनियम म्हणायचं एवढंच, त्यात तांबं मिसळलेलं. वितळलेल्या क्षारांच्या भट्टीत पत्रे पाचशे डिग्रीवर तापवले, की तांबं पाकातल्या साखरेसारखं विरघळून जातं. मग टोपली उचलायची आणि झपाझप चालत थंड पाण्याच्या हौदात बुडवायची. उशीर झाला तर तेच तांबं धातूच्या कणाकणांमधल्या सांध्यांत जाऊन बसतं, आणि पुढं खाऱ्या हवेत पत्रा नेमका त्या सांध्यांतून कुजतो. वरून मेला ठणठणीत दिसतो! म्हणून टोपली उचलली की गुंडोअण्णा मोठ्यानं आकडे मोजायचा. सातच्या आत पाणी. आठ हा आकडा त्यानं कधी उच्चारला नव्हता.

खंडेनवमीच्या आयुधपूजेला घरच्या माणसांना कारखान्यात यायची मोकळीक असे. वसुमती आली ती रांगोळीचा डबा घेऊनच. भट्टी आणि हौदाच्या बरोब्बर मधे तिनं असं काही कमळ काढलं, की मालकसुद्धा चपला हातात घेऊन बाजूनं गेले. "कुणी काढली? गुंडोअण्णांच्या वसुमतीअक्कांनी!" दिवसभर हेच चाललं होतं.

दसरा झाला, काम सुरू झालं. कमळ होतं तिथंच. त्याच्यावर झाडू फिरवणार कोण? पहिली टोपली निघाली, एका बाजूला गुंडोअण्णा, दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदार शिवाप्पा. "एक, दोन, तीन..." कमळापाशी येताच दोघेही आपसूक वळले. खांबाला वळसा घालून टोपली हौदात पडली, तेव्हा तोंडात आकडा होता पंधरा.

"स्वल्प उशीर झाला, अण्णा," शिवाप्पा म्हणाला. "सरी, ठीक आहे, असू दे."

पत्रे कडकपणाच्या तपासणीत पास झाले. काटा कसा, नेहमीच्या जागी! तपासणीचे साहेब विश्वासराव पुण्याहून नवेच आलेले. खुशीत म्हणाले, "वा, गुंडोराव! आता तुमच्या बढतीच्या कागदावरही सही करून टाकतो."

अण्णानं पत्र्याकडे पाहिलं. गप्प बसलं की झालं! पत्रा बोलणार नव्हता, शिवाप्पा तर नाहीच नाही. पण उद्या ते विमान कुणाकुणाच्या लेकरांना घेऊन समुद्रावरून उडणार होतं.

"साहेब, थांबा. पंधरा झाले."

"अहो, पण काटा बरोबर आहे की."

"काट्याला सांधे दिसत नाहीत, साहेब. तुकडा कापून मिठाच्या पाण्यात टाका."

टाकला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून बघतात तो काय, सांध्यासांध्यांतून काळ्या भेगा पळालेल्या! विश्वासरावांच्या कपाळाला घाम फुटला. शिवाप्पानं हात जोडून कमळ पुसलं. सगळे पत्रे पुन्हा तापवले, सातच्या आत बुडवले, आणि वाचले. बढती मात्र गेली. ज्याच्या हातचा माल पुन्हा भट्टीत घालावा लागला त्याला तीन वर्षं बढती नाही, हा मालकांचा नियम. विश्वासरावांनी रदबदली करून पाहिली, पण व्यर्थ.

"वाटेत रांगोळी कुणी काढली होती?" मालकांनी विचारलं, जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं.

"पाय माझे होते," गुंडोअण्णा म्हणाला.

घरी आल्या आल्या तो एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. वसुमतीचा चेहरा पडला. आता गल्लीला काय तोंड दाखवायचं? डोळे भरून आले तिचे. मग एकदम उसळली, "अहो, रोज सकाळी बस गाठायला दारातली माझी रांगोळी तुडवत पळता! जन्मात एक चुकवलीत, ती नेमकी तिथं?"

"घरातली आपली असते गं," तो खाली बघत म्हणाला. "तिथं सगळे तुझं नाव घेत होते. पाय टाकवेना."

वसुमतीनं डोळे पुसले. आत जाऊन तिनं त्याचं ताट वाढलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच, शेजारी आपलंही वाढून घेतलं.