पाऊणपट तात्या

पाऊणपट तात्यांना वेळ विचारली की ते आधी बोटांची पेरं मोजायचे. मग खाडीच्या काठावरची ओल कुठवर चढलीय ते पाहायचे आणि म्हणायचे, "अजून दोन हात पानी चढायचं हाय." घड्याळातली वेळ ज्याला हवी असेल त्याने ती आपली आपण काढून घ्यावी. मला सुरुवातीला याचा भारी राग यायचा. मी ट्रेनिंगहून नुकती आलेली, मनगटावर नवं घड्याळ, आणि हा माणूस मला वेळ हातांत मोजून सांगतोय!

त्यांचं खरं नाव दुसरंच होतं, पण तुडीलपासून महाडच्या धक्क्यापर्यंत कुणी ते घेत नसे. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशी भरती किती वाजता भरणार ते निघतं, हे खाडीकाठच्या कुणालाही ठाऊक असतं. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन. बाणकोटला, खाडीच्या तोंडाशी, तीन वाजता भरती. ती वर चढत तुडीलला पोचायला आणखी दीड तास, महाडला दोन. तात्या त्यात वारा धरायचे, पुनवेनंतरचं पाणी की अवसेनंतरचं ते धरायचे, आणि मग जे सांगायचे त्यात फरक पडत नसे. या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता. बाकी त्यांच्याकडे एक होडी, थोडी खारी जमीन आणि मुंबईला गिरणीत असलेला एक मुलगा.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी पोलादपूरची. ग्रामसेविकेची नोकरी लागली म्हणून महाडला आले आणि चवदार तळ्याजवळ एका खोलीत राहू लागले. कार्यालयाने सायकल दिली होती. तिच्यावरून गावोगाव जायचं, बायकांना निर्धूर चूल घालून दाखवायची, पोरांना काय खायला द्यावं ते सांगायचं. सावित्री नदीच्या खालच्या अंगाची, खाडीपट्टीतली गावं कुणालाच नको होती, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. पहाटे महाड सोडायचं आणि गाडीवाटेनं, शेताच्या बांधांवरून सहा गावं करत दुपारी तुडील गाठायचं. निम्मी वाट मी सायकलवर, निम्मी वाट सायकल माझ्यावर. तिकडे तेव्हा एस.टी. नव्हती. त्याच वाटेने परतायचं तर अंधार पडला असता, आणि अंधार पडून चालणार नव्हतं.

कारण साहेबांनी मला बजावून ठेवलं होतं. साहेब देशावरचे, शिस्तीचे. म्हणाले, "बाईमाणसाने एकटीने खाडीपट्टीत फिरावं हे मला मुळातच पसंत नाही. दिवेलागणीच्या आत महाडात दिसला पाहिजेत. एकदा जरी चुकलं तरी ही गावं मी पुरुषाकडे देईन, आणि मग तुम्हाला कायम करण्याचा प्रश्नच उरणार नाही." नोकरी गेली की मी पोलादपूरला घरी, आणि घरी माझ्यासाठी एक स्थळ वर्षभर थोपवून धरलेलं. स्थळ वाईट नव्हतं, मला ते नको होतं एवढंच. तुडीलहून संध्याकाळी मला आणि माझ्या सायकलीला पाण्यावरून परत आणणारं कुणीतरी मिळतं की नाही, यावर माझं पुढचं सगळं आयुष्य अडलं होतं.

धक्क्यावर मासळी विकणाऱ्या जयवंती मावशींनी मला तात्यांकडे धाडलं. मी ऐटीत सांगितलं, "सतरा तारखेला चार वाजता तुडीलला न्यायला या." तात्यांनी पेरं मोजली. "येईन की. पन तवा तितं पानी नसंल, चिखल असंल. ही सायकल चिखलात उबी करनार हायस?" मी सायकलकडे पाहिलं. "तारीख तुज्या कचेरीला सांग गो बाय. मला तिथी सांग." तेव्हापासून माझी फिरती तृतीया, चतुर्थी, पंचमी पाहून ठरू लागली. शुद्ध पक्षात एक आणि वद्य पक्षात एक. कार्यालयाच्या कागदावर मी पंचांग पाहून तारखा लिहायची, आणि साहेबांना कधीच कळलं नाही की त्यांच्या खात्याचा कारभार चंद्रावर चाललाय. तात्यांना निघताना नुसतं "येत्या चतुर्थीला" म्हणायचं, त्यांनी "व्हय" म्हणायचं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी तुडीलच्या उतारावर आले की खाली होडी असायचीच.

होडीत आधी सायकल चढायची, मग मी. खाली गोणपाट अंथरून ते तिला आडवी निजवायचे, दोरीने बांधायचे आणि वर स्वतःची घोंगडी टाकायचे. मी थंडीने कुडकुडत असले तरी घोंगडी सायकललाच. "तुला काय व्हनार हाय? ती लोखंडाची हाय, खारं पानी तिला खाईल." महाडला उतरलो की प्यायच्या मडक्यात उरलेलं गोडं पाणी घेऊन तिची साखळी आणि आऱ्या पुसून द्यायचे. स्वतः ते जन्मात सायकलवर बसले नव्हते. मी एकदा आग्रह केला तर म्हणाले, "दोन चाकांवर उबं राहतंय त्याचा भरवसा नाय."

मुलाने मुंबईहून त्यांच्यासाठी मनगटी घड्याळ आणलं होतं. ते घरात खुंटीला टांगलेलं असे. का घालत नाही म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, "ते मुंबैचा टाइम दाखवतं. हितं त्याचा काय उपेग?" पण त्याला किल्ली मात्र रोज द्यायचे. पोराने दिलंय, बंद पडायला नको.

त्यांचं एक बोलणं मला नंतर नंतर कळलं. मी एकदा म्हटलं, "तात्या, तुम्ही किती वल्हवता, हात भरून येत नाहीत का?" ते म्हणाले, "वल्हं कोनबी मारील गो. थांबनं ह्येच खरं काम." ते खरोखर दोन-दोन तास आधी येऊन काठावर बसत. विडी नाही, तंबाखू नाही, दारूचा तर वाससुद्धा खपत नसे. नुसते बसत, आणि मी दिसले की असे उठत जणू आत्ताच आलेत.

आणि मग ती पौषातली चतुर्थी. तुडीलच्या अलीकडच्या गावात चुलीचं काम लवकर आटपलं. खळ्यावर पाच-सहा बायका जमल्या होत्या. त्यातली एक नवी सून म्हणाली, "बाय, मला एकदा बशीव की गो." मी सायकलवर बसवली. ती दहा हात गेली आणि पेंढ्याच्या उडवीत जाऊन पडली. अशी हसली म्हणता! मग दुसरी, मग तिसरी. शेवटी तिची सासू, साठीला आलेली, कासोटा घट्ट करून पुढे झाली, "आता मी." मागून सायकल धरून मी त्या खळ्याला किती फेऱ्या मारल्या देव जाणे. आयुष्यात इतकी मजा मी क्वचितच केली असेल. घड्याळ पाहिलं तेव्हा तीन वाजून गेले होते, आणि तीनला तर तुडीलहून निघायचं होतं.

जीव खाऊन सायकल हाणली. मध्ये साखळी दोनदा उतरली. तुडीलच्या काठावर पोचले तेव्हा साडेचार झाले होते. पाणी पुरतं भरून थांबलं होतं, आता फक्त मागे फिरायचं बाकी. तात्या उठले. कुठे होतीस, का उशीर, काही विचारलं नाही. सायकल घेतली, म्हणाले, "बस."

अर्ध्या वाटेत ओहोटी अंगावर आली. भरतीबरोबर जी होडी सहज वर जायची ती आता हलेना. तात्यांनी काठाचा उथळ पाट धरला, तिथे ओढ कमी असते. दुसरं वल्हं मी घेतलं. माझा उपयोग किती झाला ते मला माहीत आहे. दोन ठिकाणी ते गुडघाभर चिखलात उतरले आणि दोरी खांद्यावर घेऊन होडी ओढत चालले. मी मागून रडत होते. "नोकरी गेली तात्या, माझी नोकरी गेली." ते ओढता ओढता एवढंच म्हणाले, "रडू नको. तोंड पूस. तितं मी बोलंन, तू बोलू नको."

महाडला दिवेलागण होऊन तास उलटला होता. पाणी इतकं उतरलेलं की होडी धक्क्याला लागेना. सायकल डोक्यावर घेऊन तात्या पुढे, मी मागे, असे चिखल तुडवत वर आलो. धक्क्यावर कंदील घेऊन साहेब उभे. भोवती बंदरावरची वीसेक माणसं, मावशीही टोपली घेऊन होत्या. साहेबांनी तोंड उघडायच्या आत तात्यांनी सायकल खाली ठेवली आणि हात जोडले.

"साहेब, माजी पाऊनपट चुकली. बाय तितं कवाची येऊन बसलेली. मीच होडी घेऊन उशिरा गेलो."

धक्का एकदम शांत झाला. साहेब तात्यांवर जे सुटले ते विचारू नका. "सगळा जन्म पाण्यावर काढलास आणि तुला भरती कळत नाही? प्यायला होतास काय?" त्या माणसाला, ज्याने कधी थेंबाला शिवलं नव्हतं! तात्या मान खाली घालून उभे. पायावरचा चिखल वाळत चाललेला. मी एक शब्द बोलले असते तर ते थांबलं असतं. मी बोलले नाही. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचा दोष नाही बाई. पुढच्या वेळी नावाडी बदला."

नावाडी मी बदलला नाही, आणि साहेबांनीही पुन्हा विचारलं नाही. पुढच्या चतुर्थीला मी तुडीलला तात्यांच्या पाया पडले. ते रागावलेच. "तुजी नोकरी जानार व्हती. माजी होडी कोन काढून घेनार हाय?" विषय संपला. पण धक्क्यावरची माणसं त्यांना चिडवू लागली. "काय तात्या, आज चतुर्थीच हाय ना? का कचेरीतनं इचारून येऊ?" ते हसून सोडून द्यायचे. मला मात्र प्रत्येक वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझ्यापायी त्यांनी आपलं नाव घालवलं, आणि मी कायम झाले तरी ते परत करण्याचं धैर्य मला झालं नाही.

तीन वर्षांनी माझी देशावर बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेले. तात्या होते, मावशी होत्या, तीच सगळी माणसं होती. सगळ्यांसमोर म्हटलं, "त्या दिवशी उशीर मला झाला होता. तात्यांचं काहीच चुकलं नव्हतं." बोलता बोलता रडू फुटलं.

कुणाला आश्चर्य वाटलेलं दिसेना. मावशी टोपली सारत म्हणाल्या, "अगो, त्या दिवशी त्याच पान्यानं मी वर आले नाय का? हा तुडीलच्या काठाला बसलेला. मीच हाळी दिली, बाय नाय आली का अजून? हितं येऊन सगल्यांना सांगितलं पन. तुजा साहेब सांजेपास्नं ज्याला त्याला इचारत व्हता, होडी कुटं, होडी कुटं. कोन काय बोललं का? आनि चिडवायचं म्हनशील, तर त्याला आयुष्यात चिडवायला दुसरं काय गावलंय आमाला?"

सगळे हसले. तात्या तेवढे हसेनात. "नाय नाय," म्हणाले, "चुकलीच व्हती माजी." तीन वर्षांनंतर, सगळ्यांना खरं ठाऊक असताना, माझ्या तोंडावर!

एस.टी.पर्यंत सामान घेऊन ते आले. ट्रंक टपावर गेली. मी खिडकीशी बसल्यावर त्यांनी विचारलं, "तितं गाडीतनं उतरलीस की न्यायला कोन येनार हाय?" मी म्हटलं, "कुणी नाही तात्या." त्यांना ते पटेना. गाडी सुरू झाली तरी ते खिडकीचा गज धरून दोन पावलं चालले. "कोन नाय म्हंजे?"

त्यांची माझी पुन्हा भेट झाली नाही. काही वर्षांनी मावशींनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं, त्यात ते गेल्याचं कळलं. मी कार्यालयात होते, तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले. पुढे माझ्या हाताखाली मुली आल्या, त्यांच्या फिरतीचे कागद माझ्याकडे सहीला येऊ लागले. सही करण्याआधी मी एकच विचारायची, "संध्याकाळी न्यायला कोण येणार आहे?" जिला नाव सांगता यायचं नाही, तिच्या वाटेच्या टोकाला मी स्वतः जाऊन बसायची.