तळव्यावरचा तीळ कुणाचा

माझ्या डाव्या पायाच्या तळव्यावर जन्मापासून तीळ आहे. तळव्याला तीळ म्हणजे परदेशवारी नक्की, म्हणून त्याच्यावर दोन्हीकडचे हक्क सांगायचे. अंबरनाथची आत्या म्हणायची, "आमच्या घराण्याचा आहे तो." उल्हासनगरचा मामा म्हणायचा, "हट्! माझ्या आईचा आहे." एका बारशात दोघांची यावरून चांगलीच जुंपली होती. मी मात्र बदलापूरहून कर्जतच्या पुढे कधी गेले नाही.

चाळिशीत तो मेला तीळ पसरायला लागला. कडा वेड्यावाकड्या, रंग कुठे काळा, कुठे तपकिरी. डॉक्टरीणबाईंनी तुकडा तपासायला पाठवला आणि विचारलं, "घरात कुणाला त्वचेचा कॅन्सर झालाय? किंवा असा तीळ आहे?"

"म्हणजे हे आनुवंशिक असतं?"

"बहुतेकदा नाही. पण काही घरांत जीन्समधून धोका येतो. विचारून घ्या."

विचारलं. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या आपल्या चेन-बटणांच्या दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना मामाने मोजा काढला आणि व्हिडिओ कॉलवर पाय वर केला. "बघ, एकदम कोरा!"

"आणि आजीचा तीळ?"

"तो तीळ कुठला गं? काटा रुतलेला, बिब्बा लावला होता. त्याचा डाग. तुझ्या बापाकडचं बघ."

आत्याने तर पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "आमच्यात? नाव नको! सगळ्यांचे तळवे स्वच्छ." इतकी वर्षं ज्याच्यावरून भांडले, तो तीळ आता बेवारशी झाला. माझं डोकंच सटकलं. इथे माझा जीव टांगणीला आणि ह्यांना घराण्याची पडलीय! "खोटारडी आहेस तू," म्हणून मी फोन आपटला.

तरी रिपोर्टच्या दिवशी आत्या हजर, डब्यात शिरा घेऊन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही." मी रडलेच. आत्याने भर दवाखान्यात टाळी वाजवली. "असणारच नाही! आमच्या घराण्याचा तीळ आहे तो!"

"म्हणजे तुम्हालाही आहे?" बाईंनी विचारलं.

आत्याने चप्पल काढली आणि पाय उचलून खुर्चीवर ठेवला. बाईंनी भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं.

"हा कधीपासून वाढतोय?"

आत्या माझ्याकडे न बघता पुटपुटली, "दोन वर्षं झाली. फोनवर सांगितलं असतं तर पोर घाबरली असती."